छाणीच्या लग्नाचं मिक्सिंग मी केलं होतं

अरुणदादा,

तुझ्या बेसण्याच्या जाहिरातीसाठी फोटो शोधताना तुझ्या घरात जी धांदल उडाली, ती पाहून तू पोट धरून हसला असतास. बडोद्यातल्या निम्म्या लोकांची लग्नं तुझ्या हाताखालून गेली आणि तुझा स्वतःचा एक धड फोटो घरात नाही. सुधावहिनीने कपाट उपसलं, माळ्यावरच्या दोन पिशव्या उतरवल्या. शेवटी कुणाच्या तरी मुंजीतल्या घोळक्यातून तुझं तोंड कापून काढलं, तर खांद्यावर दुसऱ्याचा हात तसाच राहिला. मी म्हटलं राहू दे, जाहिरातीत एवढं कोण बघतंय. तू असतास तर तो हात निघाल्याशिवाय फोटो पुढे जाऊ दिला नसतास.

आजोबांच्या पिढीत बडोद्याच्या मराठी घरांत माणूस गेल्यावर बेसणं ठेवत नसत. आता आपणही गुजराती पद्धतीने ठेवतो. पेपरात वेळ द्यायची, हॉलमध्ये पांढऱ्या चादरी घालायच्या, माणसं येतात, हात जोडून घटकाभर बसतात आणि उठून जातात. तुझं काल झालं, चार ते सहा. त्या दोन तासांत जे घडलं ते तुला सांगायचं म्हणून मी लिहायला बसले आहे, पण ते मला एकदम सांगता येणार नाही. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? माझ्या कामातली पहिली पाच मिनिटं तू न बघताच काढून टाकायला सांगायचास.

मी तुझ्याकडे आले ती नावं टाइप करायला. दांडिया बाजारात जिना चढून तुझी ती एक खोली, दोन व्हीसीआर, दोन टीव्ही, मध्ये मिक्सर आणि दारावर तुझ्या नावाची पाटी. कॅमेरावाला लग्नाच्या सहा-सात कॅसेटी आणून टाकायचा, त्यांतून तीन तासांची एक कॅसेट करायची, वर गाणी आणि नावं चढवायची. या सगळ्याला आपल्या धंद्यात मिक्सिंग म्हणत. एडिटर हा शब्द तेव्हा कुणी आपल्याला लावत नव्हतं आणि आपल्यालाही तो अंगाला मोठा वाटायचा. माझं गुजराती अक्षर आणि शुद्धलेखन चांगलं म्हणून तू मला घेतलंस. पहिल्याच आठवड्यात मी नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव चढवलं. तू कपाळाला हात लावलास आणि दुसऱ्या दिवशी मला मिक्सरसमोर बसवलंस. म्हणालास, हिला नावांपासून लांब ठेवलेलं बरं.

माझे वडील रेल्वेत, प्रतापनगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. मुलीने बाजारातल्या खोलीत दिवसभर परक्या माणसांत बसायचं हे त्यांना पटेना. तू सायकल घेऊन घरी आलास, दोन कप चहा प्यायलास, त्यांच्या साहेबांची टिंगल केलीस आणि उठताना ठरवून टाकलंस की एक जोडी मशीन क्वार्टरमध्ये ठेवायची, कॅसेटी तू पोचवशील आणि तूच घेऊन जाशील. तेव्हापासून निम्मं मिक्सिंग माझ्या हातचं आणि सगळं तुझ्या नावावर. कॅसेटच्या लेबलवर दोघांची नावं घालू असं तू किती वेळा म्हणालास. मीच नको म्हटलं. वडिलांना बाजारात मुलीचं नाव फिरलेलं आवडलं नसतं, असं मी तुला सांगायचे. खरं तर मलाच बरं वाटायचं. काम आपलं आणि पार्टीची कटकट दुसऱ्याच्या डोक्याला, यापेक्षा सुख काय असतं?

डिसेंबर-जानेवारीत गुजराती लोकांचा कमुरता लागतो, महिनाभर लग्नाचं नाव नाही. मशीन थंड, तू मोकळा. त्या महिन्यांत मी तुझ्याकडून सगळं शिकले. तुला कुणी गुरू म्हटलं असतं तर तू त्याला जिन्यावरून खाली पाठवलं असतंस, पण बडीशेप चघळत तू जे बोलायचास ते मी आजवर विसरले नाही. गाणं शेवटी लाव, आधी लावलंस की चित्र स्वतः काय सांगतंय ते कळत नाही. माणूस रडताना दिसला की घाईने कापू नकोस, त्याने डोळे पुसेपर्यंत थांब. पुसल्यावर कुणी पाहिलं का म्हणून तो इकडेतिकडे बघतो, तिथे काप. पार्टीला भाव सांगितलास की गप्प बस, कारणं द्यायला लागलीस की तुझा तुलाच तो भाव जास्त वाटायला लागेल. बदल दोनदा करून दे, तिसऱ्यांदा चहा पाज आणि गोड बोलून नाही म्हण. एकाच स्टुडिओवर निम्म्याहून जास्त काम टाकून बसू नकोस, त्याचं आणि त्याच्या भावाचं भांडण झालं तर उपाशी तू राहशील.

आणि या सगळ्यांच्या वर ओळख. तुझ्या खोलीशिवाय ही पद्धत बडोद्यात कुठेच नव्हती. मिक्सिंगला हात लावण्याआधी त्या घरातल्या थोरल्या बाईला टीव्हीसमोर बसवायचं, हातात चहा द्यायचा आणि कॅसेट लावायची. ती बोट दाखवत जायची. ही थोरली फोई, मुलीची आत्या, हिला काढलंत तर घरात राहू देणार नाही. हे काका, बोलत नाहीत आमच्याशी, पण ठेवा. हा कोण? कोण जाणे, त्यांच्याकडचा असेल. तू कागदावर टिपत जायचास. एका मांडवीकडच्या बाईने ओळखीच्या वेळी धाकट्या दिराला सगळीकडून काढायला लावलं आणि चार दिवसांनी समेट झाला म्हणून स्वतः जिना चढून त्याला परत घालायला आली, ते आठवतं? तू तिला विचारलंस, आता नक्की ना, की अजून आठवडा थांबू? ती जाईपर्यंत मी पदर तोंडाला लावून बसले होते.

आपण परक्याच्या घरात घुसतो, तिथलं आपल्याला काही कळत नसतं आणि हातात कात्री असते, असं तू म्हणायचास. आपण मराठी, लग्नं निम्म्याहून जास्त पटेलांची आणि वाण्यांची. मला तेव्हा वाटायचं, हा माणूस उगीच तासभर वाया घालवतो आणि वर चहापत्तीही आपली.

मग कॉम्प्युटर आले. इथेच तुझं-माझं बिनसलं, आणि ते भांडण आपण कधी पुरं केलं नाही. तू म्हणत होतास दोन वर्षं थांबू. मी म्हणत होते, दोन वर्षांनी आपल्याला कुणी विचारणार नाही. वडील नुकतेच रिटायर झाले होते. त्यांच्या फंडातून मी कॉम्प्युटर घेतला आणि क्वार्टर सोडून आम्ही ज्या दोन खोल्यांत गेलो होतो तिथे मांडला. तू बघायला आलास. मी तुला गुलाबाची पाकळी उडत येऊन तिच्यातून नवरी उमलताना दाखवली, पान उलटल्यासारखं चित्र उलटवून दाखवलं. तू बराच वेळ बघितलंस आणि म्हणालास, "छान आहे. पण मला नवरी दिसली नाही, पाकळीच दिसली." मला इतका राग आला की मी तुला चहासुद्धा विचारला नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मी बरोबर होते, दादा. पाकळीच्या बाबतीत तू.

छाणीचं लग्न त्याच उन्हाळ्यातलं. पटेलांची हेतल, नवरा अमेरिकेचा, त्याची सुट्टी संपत आलेली आणि जाताना त्याला कॅसेट बरोबर हवी. तू मला म्हणालास, उद्या छाणीला जा, ओळख करून घे, मग हात लाव. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, कॉम्प्युटरवर एक लांबलचक काम चढवलेलं होतं, ते सोडून उठवेना. बसने छाणीला जायचं, तासभर फोई आणि मामींची नावं ऐकायची आणि परत यायचं, हे डोक्यात आलं आणि मी गेले नाही. संध्याकाळी तू विचारलंस. मी म्हटलं, जाऊन आले.

हे मी तुझ्याशी बोललेलं एकमेव खोटं नव्हतं, पण एवढं सहज दुसरं कुठलं बोलले नव्हते.

त्या कॅसेटींमध्ये एक बाई होती. फिकट साडी, कपाळ मोकळं, हातात काही नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मांडवाकडे बघत होती. पीठी लावताना सगळ्या बायका हळदीच्या हातांनी नाचत होत्या तेव्हा ती मागे पाण्याच्या पिंपाजवळ होती. आणि मुलगी निघाली तेव्हा कॅमेरावाल्याचा दिवा चुकून ओटीकडे वळला, तर ती जाळीच्या आत, दोन्ही हातांनी जाळी धरून. तिन्ही मिळून दीड मिनिट असेल. कन्यादानाला काका-काकू बसले होते, त्यांनाच मी आई-बाप धरलं. ही आचाऱ्याबरोबर आलेली बाई असणार, कामं सोडून बघत बसली आहे, असं मला वाटलं. चित्र हलत होतं, उजेड वाईट होता. मी तिला तिन्ही ठिकाणांहून काढलं आणि शेवटच्या जागी पाकळी उडवली.

ती हेतलची आई होती. विधवा, म्हणून मांडवात नाही, हळदीला नाही आणि निघणाऱ्या मुलीसमोरही नाही. आपल्या घरांतही पूर्वी हेच होतं, माझ्या आत्याला मी असंच लांब उभं राहिलेलं पाहिलं होतं. तरी मला ओळखता आली नाही. त्या दिवशी मी छाणीला गेले असते तर दार तिनेच उघडलं असतं. घरात थोरली बाई तीच होती. टीव्हीसमोर तीच बसली असती आणि चहा मलाच तिने पाजला असता.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते एकदा माझ्या तोंडाने सांगू दे. गणपतीच्या सुमारास ती बाई गेली. हेतल तोवर अमेरिकेत पोचली होती, तिला येता आलं नाही. तिने तिकडे आईला बघायला म्हणून कॅसेट लावली, एकदा आणि पुन्हा एकदा. मग काकांना फोन केला. काका तुझ्या खोलीत आले त्या दिवशी मी टेबलापाशी नावं तपासत बसले होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घरी राहिलेली कॅसेटची प्रत तुझ्यासमोर ठेवली, काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, "मिक्सिंग कोणे कर्युं?"

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. कॅसेटकडे पाहत म्हणालास, "में."

"सगी बा हती, भाई," ते म्हणाले. आणि मग त्यांनी मूळ कॅसेटी मागितल्या.

मूळ कॅसेटी कुठून मिळणार? त्या कॅमेरावाल्याच्या, मिक्सिंग झालं की त्याच्याकडे परत जायच्या आणि तो त्यांच्यावरच पुढची लग्नं घ्यायचा. सगळं गाव तसंच करत होतं. काका गेल्यावर तू चपला घालून तडक कॅमेरावाल्याकडे गेलास आणि त्याच्याकडे होत्या नव्हत्या तेवढ्या कॅसेटी उचलून आणल्यास. वरचं शूटिंग आधीच्यापेक्षा कमी पडलं तर टेपच्या शेपटाशी जुनं थोडं उरतं, एवढीच आशा. दोन दिवस सकाळपासून तू त्या शेवटपर्यंत बघितल्यास. एकीच्या शेवटी छाणीचं लग्न सापडलं. मिनिटभर. जेवणाची रांग, हातात थाळ्या, कुणीतरी पुरी मागतंय. ती नव्हती. तू तेवढं पाच-सहा वेळा मागेपुढे करून पाहिलंस, जणू रांगेत नंतर येईल.

त्यानंतर मी तुला विचारलं, तू माझं नाव का घेतलं नाहीस. तू म्हणालास, पाटी माझी, गेलं ते माझ्या दारातून, मी एकदा बघून द्यायला हवं होतं. आणि मग म्हणालास, तुझ्या वडिलांचा फंड त्या डब्यात आहे, तुझं नाव अजून झालंही नाही, ते बिघडवून कुणाला काय मिळणार? छाणीला न जाता गेले म्हणून सांगितलं, हे तुला कळलंच असणार, पण तू ते तेव्हाही काढलं नाहीस आणि नंतर कधीच नाही. मी वाट बघत होते तू काढशील म्हणून. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी उठून काकांकडे गेले असते, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. गेले नसते, दादा. कोणी मला धरून ठेवलं नव्हतं.

तू मला तिच्या अमेरिकेच्या पत्त्यावर लिहायला बसवलंस. तुझं गुजराती अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तू सांगत गेलास, मी लिहीत गेले. तुमच्या लग्नाचं मिक्सिंग मी स्वतः केलं, तुमच्या बा मला ओळखता आल्या नाहीत, ही चूक माझी एकट्याची आहे. माझ्या अक्षरात, माझ्या हाताने मी हे लिहिलं आणि कागद फिरवून सहीसाठी तुझ्यापुढे केला. तेव्हा तुझं नाव खोडून माझं लिहायला किती वेळ लागला असता? उत्तर आलं नाही.

काका काही वाईट माणूस नव्हते, पण ते बोलले आणि बोलणं पसरलं. आपल्या धंद्यात जाहिरात नसते, पाटी बघून कोणी जिना चढत नाही. स्टुडिओवाला पार्टीला सांगतो, मिक्सिंग अमक्याकडे देऊ, आणि तेवढंच आपलं भांडवल. नवरीची सख्खी आई कापणारा मिक्सिंगवाला, असं झाल्यावर कोण देणार? पुढच्या सीझनला तुझ्याकडे तीन लग्नं आली आणि त्याच्या पुढच्याला मुंजी. आणि स्टुडिओवाले माझ्याकडे यायला लागले, थेट. म्हणायचे, बेन, तुम्ही अरुणभाईंपेक्षा काळजीने करता. मी ते ऐकून घेतलं. ज्या लेबलवर मी दहा वर्षं माझं नाव येऊ दिलं नव्हतं, त्यावर आता फक्त माझंच यायला लागलं. वडिलांना काही वाईट वाटलं नाही. ते लेबल शेजाऱ्यांना दाखवायचे.

तू जुन्या कॅसेटींच्या सीडी करून द्यायचं काम काढलंस, ते वर्षभर चाललं. मग खोली सोडलीस आणि हरणीच्या एका सोसायटीच्या ऑफिसात बसायला लागलास, पाण्याच्या टँकरच्या वेळा आणि लिफ्टवाल्याचे फोन नंबर सांभाळत. मी तिथे तुला तीनदा भेटले. तीनही वेळा घरून ठरवून निघाले होते की आज म्हणायचं, मी काकांना जाऊन सगळं सांगते. तिसऱ्यांदा तोंड उघडलंही. तू म्हणालास, आता ते जुनं झालं, राहू दे. मी भडकले. म्हटलं, तू मोठा होऊन बसलास आणि मला आयुष्यभर खाली मान घालायला लावलीस, मी मागितलं नव्हतं तुझ्याकडे. तू टेबलावरचं रजिस्टर सरळ केलंस.

"तुझं बरं चाललंय ना? बस मग," एवढंच तू म्हणालास. ते प्रेमाने म्हणालास की टोचून, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता कळायचा मार्ग राहिला नाही. तू संत नव्हतास, ते मी कुणालाही सांगेन. तू हट्टी होतास, फुगून बसायचास, एकदा सुधावहिनीशी दीड महिना बोलला नव्हतास. मनातून तू माझा राग राग करत असशील, अशी मी आशा धरून होते. तेवढं असतं तर आपण बरोबरीत आलो असतो.

आणि हे एक सांगायचं राहिलं. गेल्या वर्षापासून मला एका इन्स्टिट्यूटमध्ये बोलायला बोलावतात. कॉम्प्युटरवर एडिटिंग शिकून स्वतंत्र काम करू पाहणारी मंडळी असतात, कामाच्या आणि धंद्याच्या दोन गोष्टी त्यांना सांगायच्या. मी गाणं शेवटी लावायला सांगते. भाव सांगून गप्प बसायला सांगते. डोळे पुसेपर्यंत थांबायला सांगते. ओळखीचं तर अर्धा तास सांगते, ते सगळे वहीत लिहून घेतात आणि म्हणतात, मॅडम, ही कल्पना तुमची? एकदा मी हो म्हटलं. एकदाच, पण म्हटलं. नंतर तुझं नाव घेऊ लागले, तर कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

आता काल. साडेपाच झाले होते, माणसं पांगत होती. वहिनी तुझ्या फोटोशेजारी बसली होती, मी तिच्याजवळ. एक चाळिशीकडे झुकलेली बाई आत आली, पांढरा ड्रेस, पायांत मोजे. फोटोसमोर हात जोडून ती बराच वेळ उभी राहिली आणि मग आमच्यासमोर बसली. म्हणाली, मी हेतल, छाणीची. घर विकायचं म्हणून ती महिनाभरासाठी आली होती, पेपरात तुझा फोटो दिसला. वहिनीला ती म्हणाली की तिला तुझं पत्र मिळालं होतं. तेव्हा राग होता, उत्तर लिहिलं नाही. मग तिला स्वतःला मुलं झाली आणि राग कधी गेला ते कळलं नाही. चूक झाली की लोक लपतात, या माणसाने आपणहून पत्र लिहिलं, असं ती तिकडे सगळ्यांना सांगते. या खेपेला भेटून माफ केलं म्हणून सांगणार होती. चार दिवस उशीर झाला.

वहिनी रडायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुझ्याबद्दल कुणी चांगलं बोललेलं ती ऐकत होती.

मी बोलले, दादा. कसं ते माहीत नाही, पण बोलले. म्हटलं, हेतलबेन, ते मिक्सिंग मी केलं होतं. अरुणदादाने नाही. त्याने मला तुमच्या घरी जायला सांगितलं होतं आणि मी गेले नाही, आणि गेले म्हणून खोटं सांगितलं. तुमच्या बाला मी कामवाली समजले. स्वयंपाकघराच्या दारात, पिंपाजवळ आणि जाळीमागे, तिन्ही ठिकाणांहून मी काढलं. पत्रसुद्धा माझ्या हातचं आहे, अक्षर माझं आहे.

मला वाटलं, आता. आता ती काय म्हणेल ते मी ऐकून घेईन, तिने हात उगारला तरी चालेल. तिची आई जाळीमागे कॅमेऱ्यात आली होती, हे जगात मी आणि तो कॅमेरावाला सोडून कुणाला माहीत नव्हतं. एवढ्यावरून तरी तिला पटायला हवं होतं.

तिचे डोळे भरून आले. तिने विचारलं, अरुणभाईंनी तुम्हाला हे सगळं इतकं बारीक सांगितलं होतं? म्हणजे त्यांना ते सगळं आठवत होतं. मी म्हटलं नाही, मीच, मी स्वतः. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"तमारुं मन बहु मोटुं छे, बेन," ती म्हणाली. "गयेला माणस माटे आवुं कोण बोले?" गेलेल्या माणसासाठी असं कोण बोलतं, म्हणे.

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. जितकं सांगत गेले तितकी ती जास्त गहिवरत गेली. शेवटी तिने मला थांबवलं, पुरे, आता त्रास करून घेऊ नका, त्यांच्यापर्यंत पोचलं. फोटोला पुन्हा हात जोडून ती निघून गेली. परवाचं तिचं विमान आहे.

हॉल रिकामा झाला. मुलं चादरी गोळा करायला लागली. सुधावहिनी तिथेच बसून होती. आता हिला तरी कळलं असेल, हिने तर तुझी खोली सुटताना पाहिली, हिने सोसायटीच्या ऑफिसात तुझा डबा पोचवला. ती मला विचारेल आणि मी पहिल्यापासून सांगेन, असं मनाशी म्हणत मी तिच्याकडे वळले. तिने डोळे पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"शैला, तू त्यांच्यासाठी आज हे बोललीस, मी विसरणार नाही," ती म्हणाली.